१९४६ च्या पूर्व जर्मनीत कम्युनिस्टांना बहुमत? कुठल्या प्रांतात?

सध्या एक दावा बराच फिरतोय: "महायुद्ध संपल्यावर रशियन ताब्यातल्या जर्मनीत १९४६ मध्येच खुल्या प्रांतिक निवडणुका झाल्या, लोकांनी आपणहून कम्युनिस्टांना बहुमत दिलं. अमेरिकनांनी मात्र आपल्या भागात लोकांना मतपेटीजवळ फिरकू दिलं नाही." यातलं साल तेवढं बरोबर आहे.

आधी बहुमत. २० ऑक्टोबर १९४६ ला पाच प्रांतांत विधानसभेसाठी मतदान झालं. समाजवादी एकता पक्ष, म्हणजे कम्युनिस्टांचा एसईडी, पाचही ठिकाणी पहिला आला, पण निम्मी मतं त्याला एकाही प्रांतात मिळाली नाहीत. सगळ्यात चांगला निकाल मेक्लेनबुर्गचा, तोही ४९.५ टक्के. सॅक्सनी-आनहाल्टमध्ये ११० पैकी ५१ जागा आल्या. तिथे ख्रिश्चन डेमोक्रॅटांचा सीडीयू आणि उदारमतवादी एलडीपी मिळून ५७ होते, आणि प्रांताचं सर्वोच्च पद एलडीपीच्या एर्हार्ड ह्यूबेनर यांच्याकडेच राहिलं.

आता "आपणहून". खरी मेख इथे आहे. एप्रिल १९४६ मध्ये सोव्हिएत दबावाखाली सोशल डेमोक्रॅट पक्ष, म्हणजे एसपीडी, कम्युनिस्टांबरोबर विलीन करून एसईडी उभा केला गेला. त्यामुळे या पाच प्रांतांत एसपीडीच्या मतदाराला मतपत्रिकेवर आपला पक्षच सापडला नाही. उरलेल्या विरोधकांना छपाईचा कागद तुटपुंजा मिळाला. बर्लिन मात्र चार राष्ट्रांच्या ताब्यात, म्हणून तिथे एसपीडी शाबूत होता. त्याच दिवशी तिथेही मतदान झालं: एसपीडी ४८.७ टक्के, एसईडी १९.८. सीडीयूसुद्धा एसईडीच्या पुढे. पर्याय समोर असला की काय होतं, ते या आकड्यांत उघड दिसतं.

अमेरिकनांबद्दलचं विधान तर सरळ खोटं. त्यांच्या भागात गावपातळीवरचं मतदान जानेवारी १९४६ मध्येच सुरू झालं आणि ३० जूनला बव्हेरिया, हेसे व व्युर्टेम्बर्ग-बाडेनने आपापल्या घटना समित्या निवडल्या. रशियन भागातल्या गावांनी त्यानंतर, सप्टेंबरात मत दिलं.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात की मतमोजणीच बनावट होती. हेही पटत नाही. आकडे घरी बसून लिहिणारा ४९.५ वर कशाला थांबेल? १९५० मध्ये हा पेचच मिटवला गेला: सगळ्या पक्षांची एकच सामायिक यादी, जागा आधीच वाटलेल्या, आणि जाहीर झालेला होकार ९९ टक्क्यांच्या वर.