‘स्ट्रीमिंगवर श्रुती गळतात’ म्हणे!

संगीतप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. मथितार्थ असा: स्ट्रीमिंगसाठी ध्वनी दाबून लहान करतात, त्यात श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म भेद) गळतात, तानपुरा बेसूर होतो, म्हणून शास्त्रीय संगीत ऐकावं तर तबकडीवरच, नाहीतर किमान 24 बिट/192 किलोहर्ट्झ या अतिउच्च दर्जात, आणि ॲपवर रागाची सलगता तुटते ती तुटतेच. यातल्या शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. बाकीचं पोकळ.

आधी श्रुती. एमपीथ्री, एएसी, ऑग व्हॉर्बिस ही तंत्रं कानाला जे सहसा जाणवत नाही ते टाकून देतात. स्वर वर-खाली करत नाहीत. काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) पुरुषी षड्ज सुमारे 138.6 हर्ट्झचा. तो 320 केबीपीएसला (सेकंदाला 320 किलोबिटला) तेवढाच राहतो आणि 96 लाही तेवढाच. बिघडतं ते वेगळंच. स्पॉटिफायची सर्वांत खालची पायरी 24 केबीपीएसची आहे. तिथं तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझणीत गुंज, पाण्याखालून आल्यासारखी वाटते आणि तबल्याच्या चाटेवरच्या (कडेवरच्या) ‘ना’ची धार जाते. 320 ला हा फरक ओळखणं बहुतेकांना जमत नाही. दर्जा ‘ऑटोमॅटिक’वर सोडला तर नेटवर्क ढेपाळताच ॲप गुपचूप खाली उतरतं. म्हणून वायफाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड या तिन्ही ठिकाणी दर्जा हातानं निवडावा. 320 ला तासाला 144 एमबी जातात, 96 ला 43. प्रवासात ऐकायचं असेल तर घरूनच उतरवून घ्यावं.

आता तबकडी. षड्ज सरकतो तो खरं तर इथं! ‘78’च्या तबकड्या सगळ्या 78 फेऱ्यांनीच ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत. 76 फेऱ्यांवर कापलेली तबकडी 78 वर वाजवली की सगळं गाणं सुमारे 45 सेंट चढतं, म्हणजे जवळजवळ पाव स्वर. स्वरांमधली अंतरं मात्र जशीच्या तशी राहतात, त्यामुळे राग बिघडत नाही. काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठंतरी लटकलेला षड्ज मिळतो. तबकडीचं भोक केंद्रापासून किंचित हललेलं असेल तर आणखी गंमत: एलपीवर दर फेरीला, म्हणजे दर 1.8 सेकंदांनी, तानपुरा डुलतो. वाईट प्रतीवरून केलेलं डिजिटल रूपांतर स्ट्रीमिंगवर आलं तर हे दोषही सोबत येतात, पण ते रूपांतर करणाऱ्याचे, ॲपचे नव्हेत.

24/192 चा आग्रह तर जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी व्यर्थच. 1925 च्या आधी कर्ण्यासमोर गायलेल्या तबकड्यांत साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसे. सीडीचा दर्जा 22 किलोहर्ट्झपर्यंत पोचतो. शिवाय ॲपल म्युझिकवर 24/192 लावलं आणि आयफोनला ब्लूटूथ हेडफोन जोडला, तर कानापर्यंत सहसा एएसीच येतं. त्यापेक्षा जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर काढणाऱ्यावर नजर ठेवा. गायक श्वास घ्यायला थांबतो तेव्हा तानपुरासुद्धा गायब होतो का? होत असेल तर सफाई करणाऱ्यानं खरखरीबरोबर जवारीही झाडून नेली आहे. त्याच गाण्याचं दुसऱ्या अल्बममधलं रूपांतर शोधा, खरखर जास्त असली तरी चालेल.

उरली सलगता. एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची, त्यामुळे मोठा राग तेव्हाही दोन तुकड्यांत येई. ॲपवर मात्र विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) हे स्वतंत्र ट्रॅक होतात आणि शफल चालू असेल तर द्रुतानंतर विलंबित ऐकावं लागतं. शफल, क्रॉसफेड आणि ऑटोप्ले बंद करा. क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता दुसरा त्यात मिसळणं) राहिला तर समेवर थांबलेल्या तबल्यावरच पुढचा आलाप चढतो. आवाजाची पातळी आपोआप समान करण्याची सोयही बंद केलेली बरी. स्पॉटिफाय अल्बम क्रमानं वाजवताना सगळ्या अल्बमला एकच माप लावतं, पण प्लेलिस्टमध्ये प्रत्येक ट्रॅकला वेगळं. मग हळुवार आलाप उचलला जातो, द्रुत दाबली जाते आणि मैफलीची चढणच सपाट होते.

ॲपवर खरोखर राग यावा अशी गोष्ट त्या मजकुरात नाहीच. 1902 साली गायिका गौहरजान तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव सांगत. आज तबल्याला आणि हार्मोनियमला कोण आहे ते अनेकदा कुठंच लिहिलेलं नसतं आणि दाखवलेलं साल बहुधा पुनर्प्रकाशनाचं असतं, ध्वनिमुद्रणाचं नव्हे. त्यासाठी डिस्कॉग्ज या तबकड्यांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर मूळ एलपीच्या मागच्या बाजूचं छायाचित्र पाहावं. रागाचं नाव शोधताना रोमन लिपीतली दोन-तीन स्पेलिंगं टाकून बघावीत: बागेश्रीचा शेवट एका ‘आय’नं, दोन ‘ई’नी, मधे ‘एच’ असलेला आणि नसलेला, यमन सापडला नाही तर ऐमनही.