आधी पैसे खात्यात, मग इंटर्न

नमस्कार. ओपन सोर्स इंटर्नशिपसाठी निधी उभारायच्या कल्पनेवर तुमची प्रतिक्रिया तिखट होती, पण मुद्द्यांची होती, म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ओपन सोर्स (ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर) संस्थेचा पैसा कोडसाठी असतो, मुलींसाठी आणि वंचित गटांसाठी राखीव इंटर्नशिपवर तो घातला की संस्था गोत्यात येते, २०१४ साली ग्नोमचं (लिनक्सवरचा डेस्कटॉप बनवणारा प्रकल्प) तेच झालं, निवडीत गुणवत्ता मागे पडते, आणि तीन महिने संपले की ही मंडळी पुन्हा दिसत नाहीत. मुंबईत चार कंपन्यांकडून असा निधी उभारणं ही म्हणून तुम्हाला नुसती हौस वाटते.

ग्नोमचं उदाहरण तुम्ही अचूक काढलंत, निदान मात्र चुकलं. एप्रिल २०१४ मध्ये ग्नोम फाउंडेशनने गरजेपुरता सोडून बाकीचा खर्च थांबवला, हे खरं. पण तोवर ‘आउटरीच प्रोग्रॅम फॉर विमेन’ हा बायकांना ओपन सोर्समध्ये पगारी इंटर्नशिप देणारा कार्यक्रम एकट्या ग्नोमचा राहिला नव्हता. लिनक्स कर्नलसारखे दुसरे प्रकल्प त्यात आले होते. त्यांच्या इंटर्नचे पैसे त्यांचे प्रायोजक देणार होते, हिशेब मात्र ग्नोमकडे होता. इंटर्नला ठरल्या तारखेला पैसे द्यावेच लागतात, प्रायोजकांची बिलं मात्र थकत गेली. मधला खड्डा फाउंडेशनने स्वतःच्या गंगाजळीतून भरला. किराणा दुकानदाराला विचारा, विक्री जोरात असतानाच उधारीने गल्ला रिकामा होतो. २०१५ मध्ये हा कार्यक्रम ‘आउटरीची’ या नव्या नावाने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या ओपन सोर्स प्रकल्पांना आधार देणाऱ्या संस्थेकडे गेला आणि आजही चालू आहे.

म्हणून आपल्या निधीचं खातं वेगळं हवं, आणि इंटर्नची संख्या आश्वासनांवर नाही, जमा रकमेवर ठरायला हवी. नमुन्यादाखल हिशेब करू. दरमहा ३०,००० रुपये, तीन महिने, म्हणजे एका इंटर्नचे ९०,०००. लॅपटॉपची रॅम आणि इंटरनेट यासाठी १०,००० धरा. पाच जणांचे ५ लाख, वर सीए आणि कागदपत्रांचे ५०,०००. चार कंपन्यांत विभागले तर प्रत्येकी १,३७,५००. आता एका कंपनीचा पैसा आलाच नाही, तर हातात राहतात ४,१२,५००. सीएचा खर्च काही कमी होत नाही, त्यामुळे उरलेल्या ३,६२,५०० मध्ये तिघंच बसतात. चौथ्याला ‘बघू, येतील पैसे’ म्हणून घेतलं की आपलंही २०१४ झालंच.

पैसा मागायचा तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. सीएसआरचा (कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा) खर्च ३१ मार्चच्या आत दाखवण्याची कंपन्यांना घाई असते; एप्रिलमध्ये गेलात तर ‘बजेट मंजूर व्हायचंय’ हे ऐकून परत याल. शिवाय व्हेंडर कोड (कंपनीच्या हिशेबात पैसे घेणाऱ्याची नोंद) उघडण्यातच दोन-तीन आठवडे जातात. सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी, आयकराच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या आणि तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो, तेव्हा नव्या गटाने जुन्या संस्थेचा हात धरणं बरं. बॅनरवर लोगो लावायच्या बदल्यात पैसे आले तर ती देणगी राहत नाही, जीएसटीचा प्रश्न उभा राहतो. परदेशी देणगीच्या वाटेला तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय जाऊच नका.

गुणवत्तेबद्दल. २००६ साली गूगल समर ऑफ कोडसाठी (विद्यार्थ्यांना पैसे देऊन उन्हाळ्यात ओपन सोर्सचं काम देणारा गूगलचा कार्यक्रम) ग्नोमकडे १८१ अर्ज आले, त्यात बाईचा एकही नव्हता. त्यानंतर खास बायकांसाठी हाक दिली तर शंभराच्या आसपास अर्ज आले. एवढ्या बायका काही त्या महिन्याभरात प्रोग्रॅमिंग शिकल्या नसतील. आणि निवडीआधी उमेदवाराला प्रकल्पात प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं; नुसत्या बायोडाटावर आउटरीचीत कुणाला घेत नाहीत.

खरी गोची होते ती इथेच. अर्जाच्या काळात प्रकल्पावर पन्नास-साठ जणी येतात, सोपी कामं तीन दिवसांत संपतात, मग रीडमीतल्या (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमधल्या) स्पेलिंगचे पॅच, म्हणजे छोटे बदल, येत राहतात आणि तपासणारा वैतागतो. पैसा कितीही असू दे, मेंटॉरला, म्हणजे मार्गदर्शकाला, आठवड्याचे पाच तास नसतील तर इंटर्न घेऊ नये. एका इंटर्नमागे दोन मेंटॉर हवेत, कारण एक आजारी पडतो किंवा त्याची नोकरी बदलते. छोटी कामं आधीच लिहून ठेवायची, आणि नीट लिहायची. उदाहरणार्थ, ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायची पद्धत) दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एकच सापडतो. कामात लिहायचं: ही फाइल, ही टेस्ट, दोन्ही रूपं सापडली पाहिजेत, आणि ‘दर्या’ मात्र सापडता कामा नये. असा बग मराठी न येणाऱ्याला दहा वर्षं दिसणार नाही. (तुम्ही ‘कोडला भाषा-लिंग नसतं’ म्हणालात, म्हणून हेच उदाहरण मुद्दाम घेतलं.)

पहिला हप्ता काम सुरू होण्याआधी द्यायचा तो दयेपोटी नव्हे. ४ जीबीच्या लॅपटॉपवर लिबरऑफिससारखं मोठं ओपन सोर्स सॉफ्टवेअर कोडपासून बांधायला (बिल्ड करायला) घेतलं तर शेवटी तुकडे जोडताना (लिंकिंगच्या वेळी) मशीन गुदमरतं, म्हणून रॅमचे पैसे आधी हवेत. विरार-कल्याणहून कॉलेजला येऊन संध्याकाळी शिकवण्या घेणाऱ्या मुलीचे तेच तास आपण विकत घेत असतो.

तीन महिन्यांनी बऱ्याच जणी जातात, हे मान्य. त्या टिकतील असं कंपनीला आधी सांगूच नये. शेवटचे दोन आठवडे मात्र नवं फीचर न देता दुसऱ्यांचे पॅच तपासायला द्यावेत. ते काम जुलैत वर्ग सुरू झाल्यावरही आठवड्याला दोन तासांत जमतं. आणि कुणी मध्येच सोडलं तर उरलेला हप्ता पुढच्या फेरीत जाईल, हे कंपनीच्या पत्रातच लिहून घ्यायचं. नंतर ते वाक्य घालायला त्यांचा लीगल विभाग महिना लावतो.