‘कडक थंडी म्हणजे शेतकऱ्याचं सोनं’ म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे निफाडला यावं

डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला की तो मेसेज ग्रुपवर हजर होतो. यंदा एकाच दिवशी मला चार ठिकाणांहून आला. थोडक्यात मजकूर असा: ‘जितकी थंडी कडक, तितका रब्बी जोरात. थंडीनं द्राक्षाला गोडी येते, कीड-रोग मरतात, जनावरं दूध जास्त देतात. पारा शून्याखाली गेल्याशिवाय काही गोठत नाही. काश्मीरला बर्फात सफरचंदं पिकतात, मग आपली द्राक्षं कशी खराब होतील? थंडीची लाट म्हणजे भरपाई मागायचं निमित्त.’ शेवटी हात जोडलेले.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर हा मेसेज दरवर्षी चालतो. गव्हाला थंडी लागतेच. ७ ते २१ अंशांच्या पट्ट्यात गहू खूश असतो, फुटवे भरपूर येतात, आणि फेब्रुवारीत लवकर ऊन तापलं तर दाणा बारीक राहतो. ज्वारी-हरभऱ्यालाही बेताचा गारठा मानवतो. पण ‘जितकी जास्त तितकी चांगली’ हे हरभऱ्यालासुद्धा लागू नाही. फुलोऱ्यात असताना दिवस-रात्रीचं सरासरी तापमान पंधराच्या खाली रेंगाळलं की फुलं गळतात आणि घाटे धरत नाहीत. कांद्याची रोपं जाड झालेली असताना गारठा लांबला तर कांदा पोसायचं सोडून डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे काढतो. तसा कांदा टिकत नाही, चाळीत भरायच्या आधीच निवडून टाकावा लागतो. कोकणात हापूसला मोहोर यायला थंडी हवी, हेही खरं. पण ती लांबली की बारीक कैरी धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची कैरी गळून जाते. बागायतदार त्याला पुनर्मोहोर म्हणतात आणि कपाळाला हात लावतात.

आता द्राक्षाची गोडी. साखर थंडी तयार करत नाही, पानं करतात, उन्हात. पहाटेचा पारा दहाच्या खाली राहायला लागला की अन्न-पाणी शोषणारी पांढरी मुळी मंदावते, मण्याची फुगवण थांबते, साखर भरायला वेळ लागतो आणि काढणी पुढं जाते. त्यात थॉमसनसारख्या पांढऱ्या वाणाच्या मण्यात नेमकं तेव्हाच पाणी उतरत असेल (म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागले असतील), रात्र गार आणि दुपार तापलेली असेल, तर मणी गुलाबी पडतात. याला आमच्याकडं सगळे ‘पिंक बेरी’च म्हणतात. चवीला त्यात फार वाईट काही नसतं, पण निर्यातीचा माल घेणारा व्यापारी असा घड हातात धरतो, फिरवून बघतो आणि न बोलता खाली ठेवतो. म्हणून जानेवारीत आमच्या भागातल्या बागांत घडाघडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला दिसतो. एका एकरात हजारो घड, प्रत्येकाला कागद, प्रत्येकाला मजुरी. ज्याला गोडी म्हणतात तिची किंमत आम्ही ही अशी मोजतो.

‘शून्याखाली गेल्याशिवाय गोठत नाही’ हे शाळेतल्या पाण्याच्या बाबतीत बरोबर. पण पेपरात छापून येणारं तापमान जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं असतं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगतची पानं आपली उष्णता आकाशाकडं सोडत राहतात आणि त्या पेटीपेक्षा काही अंशांनी जास्त गार होतात. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस निफाडला १.८ अंशांची नोंद झाली. शून्याच्या वरच ना? तरी शेतात दवबिंदू गोठले होते. गवतावर हात फिरवला की बोटाला बर्फाची खरखर लागावी, तसे.

याला जोडून गावातली एक जुनी समजूतही तपासून घेऊ, कारण ती मेसेजपेक्षा जास्त नुकसान करते: ‘गारठ्यात पाणी दिलं की पीक मरतं.’ उलट आहे. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरंच कोमट असतं, आणि ओली जमीन दिवसाची उष्णता कोरडीपेक्षा जास्त धरून ठेवते. पहाटे ठिबक सुरू करणारा माणूस वेडा नाही. शेकोटीचंही तसंच. धुराचं पांघरूण होतं असं आपण म्हणतो, पण खरं काम उष्णता करते. म्हणून एक मोठा जाळ करण्यापेक्षा बांधाबांधानं दहा बारीक शेकोट्या बऱ्या. मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते.

काश्मीरचा दाखला तर मजेशीर आहे. सफरचंदाचं झाड बर्फात उभं असतं तेव्हा त्याच्यावर ना पान असतं ना फळ. ते झोपलेलं असतं, आणि ती झोप त्याला लागतेच. युरोपातल्या द्राक्षवेलीही हिवाळ्यात अशाच उघड्या असतात. आपण मात्र एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये घडांसाठी फळछाटणी करतो, म्हणजे ऐन हिवाळ्यात आपली वेल पानांनी, घडांनी भरलेली असते. भर संसारातल्या बाईची तुलना झोपलेल्या माणसाशी करून कसं चालेल? आणि जाग्या वेलीला थंडी गाठली की तिथंही हेच होतं. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समध्ये कोंब फुटल्यावर कडाका आला, तेव्हा तिथले शेतकरी रात्रभर बागेत आगी पेटवून बसले होते.

कीड मरते म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: भुरी आणि तांबेरा हे बुरशीचे रोग, त्यातल्या भुरीला गार, कोरडी हवा आवडते, तांबेऱ्याला दव, आणि मावा थंड ढगाळ हवेत गव्हा-ज्वारीवर पसरतो. घाटे अळी मंदावते, मरत नाही. तेवढी थंडी महाराष्ट्रात पडत नाही.

गोठ्याकडं येऊ. हिवाळ्यात दूध वाढतं, बरोबर. पण म्हशी बहुतेक पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत व्यालेल्या असतात आणि हिरवा चाराही तेव्हाच मुबलक असतो. दुधाचं श्रेय त्यांना द्या. होल्स्टीनसारख्या संकरित गायींना उन्हाळ्यापेक्षा हिवाळा सोसतो, पण म्हशीच्या अंगावर केसच विरळ, ती गार वाऱ्यात काकडते. खाल्लेल्यातलं निम्मं अंग गरम ठेवण्यात गेलं तर कासेत काय उतरणार? गार पाणी ती कमी पिते, सडाला भेगा पडतात, त्यातून दगडी, म्हणजे कासेची सूज होते. वासरांचं, करडांचं तर विचारूच नका. गोठ्यात गोणपाट बांधलेलं आणि खाली कोरडं पाचट असेल तर निभतं. ओल्या जमिनीवर, वाऱ्याच्या तोंडावर बांधलेलं करडू फुफ्फुसाला सर्दी होऊन आठवडाभरात जातं. पोल्ट्रीवाल्याला विचारा, पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. ब्रूडर, म्हणजे ऊब देणारा दिवा, विझला की पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. थंडीपेक्षा गर्दीनं मरतात, पण गर्दी थंडीनंच करवलेली असते.

डिसेंबर २०२१ ची सुरुवात आठवा. पुणे, नगर, नाशिकच्या पट्ट्यात रात्रभर अवकाळी पाऊस पडला, वर बोचरा वारा. उघड्या रानात वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात बसलेल्या मेंढ्यांची लोकर भिजली. भिजलेली लोकर ऊब धरत नाही, नुसतं ओझं होते. सकाळी शेकडो मेंढ्या आडव्या पडलेल्या होत्या. त्या रात्री पारा काही विक्रमी उतरला नव्हता. गारठा, ओल आणि वारा तिघं एकत्र आले होते.

राहिलं भरपाईचं निमित्त. जळगावच्या केळीला कडाक्यात चरका पडतो, पानं पिवळी-काळी होतात, घड खोडातच अडकतो. म्हणूनच हवामान आधारित फळपीक विम्यात केळीसाठी कमी तापमान हा वेगळा धोका धरलेला आहे, आणि त्यासाठी सलग ३ दिवस ८ अंश किंवा त्याखाली अशी अट राहिली आहे. यात शेतकऱ्याच्या तोंडच्या शब्दाला जागाच नाही. महसूल मंडळातलं हवामान केंद्र जे नोंदवेल ते खरं. तिसऱ्या दिवशी केंद्रावर ८.४ भरले, तर बागेत चरका डोळ्यांनी दिसत असला तरी हातात काही पडत नाही.