गॅस संपत नाही, गळतो!

तीन वेळा. मार्चात, एप्रिलात आणि आता मे महिन्यात एकाच मिस्त्रीनं माझ्या गाडीच्या एसीत तीन वेळा गॅस भरला. दर वेळेस बावीसशे रुपये मोजून घेतले. आणि काल, बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून सेवाग्रामहून गावाकडे येताना, वर्धा सुटून दहा किलोमीटर होत नाहीत तर जाळीतून भट्टीसारखी गरम हवा!

दुपारचे अडीच. पारा ४५ च्या वर. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्यात धूळ जाऊ देऊ नका, घाम जाऊ देऊ नका. आता काय करावं माणसानं? काच उघडली की गरम झळ तोंडावर येते आणि सोबत रस्त्याचा फुफाटा. काच लावली की आत उकडून निघतो. आई मागे बसून ओला दुपट्टा पिळून पिळून बाबांच्या मानेवर ठेवत होती. पट्टीच्या कडेनं घाम उतरायचा आणि ती पदरानं टिपायची. बाबा एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्यानंच माझं डोकं फिरलं.

प्रत्येक वेळी त्या मिस्त्रीचं एकच पालुपद. "गॅस संपला भाऊ, मारून देतो." अरे, संपायला ते पेट्रोल आहे का? एसीची लाइन बंद असते. तोच गॅस कॉम्प्रेसरमधून पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये, तिथून पुढे कूलिंग कॉइलमध्ये आणि परत कॉम्प्रेसरमध्ये फिरतो. महिन्याभरात कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोच आहे. दुसऱ्या वेळी मी विचारलंही, "आधी कुठून गेला ते पाहा ना." तर म्हणे, "उन्हाळ्यात होते असं, सगळ्याच गाड्यांचं होते." पहिला गॅस महिनाभर टिकला, दुसरा अठरा दिवस, तिसरा अकरा. हा हिशोब मला दिसतो, तर रोज हेच काम करणाऱ्याला दिसत नाही?

भरण्याची पद्धतही पाहिली मी. लाइनमध्ये उरलेला गॅस फुस्स करून हवेत सोडला. पंप लावून व्हॅक्यूम काढायला पाहिजे, निदान अर्धा तास, म्हणजे आतली हवा आणि ओल निघून जाते. यानं पंप काढलाच नाही. किती ग्रॅम भरायचा ते बोनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं आहे. वजनकाटा नाही, स्टिकरकडे नजर नाही, डबा लावला, जाळीसमोर हात धरला, "झालं थंड" म्हणाला आणि पैशासाठी हात पुढे.

काल संध्याकाळी चुलतभाऊ आला. तो फ्रिजची कामं करतो, गाड्यांची नाही. मी एसी चालू केला, तो कान लावून उभा राहिला. कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच लागल्यावर 'टक' असा आवाज येतो, तो आलाच नाही. गॅसचा दाब खूप उतरला की दाबावर चालणारा स्विच क्लच लागूच देत नाही, म्हणाला. मग टॉर्च घेऊन पुढच्या जाळीत वाकला. कंडेन्सरवर कापसाचे तंतू दाट बसलेले, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मागे हिवाळाभर फिरल्याचे. ते ब्रशनं काढले, तर खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा काळा, ओशट डाग, त्यावर धुळीचा थर. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, म्हणून गॅस गळतो तिथं तेल दिसतं. घरातल्याच कपड्याच्या साबणाचा फेस लावला. उरलेल्या दाबानं बारीक बारीक बुडबुडे यायला लागले, एकामागून एक. गिट्टी लागून कंडेन्सरच्या नळीला चीर गेली आहे.

पाच मिनिटं. एक टॉर्च आणि साबण. तीन महिन्यांत त्या माणसाला खाली वाकून पाहायला पाच मिनिटं मिळाली नाहीत! वरून तेलही गेलेलं, आता कॉम्प्रेसर धड आहे की त्यालाही लागलं, ते लाइन उघडल्यावर कळेल.

सकाळी फोन करून सांगितलं त्याला. तर म्हणतो, "मग कंडेन्सर बदला लागते भाऊ, आणा गाडी." तेव्हा का नाही सांगितलं? सहासष्टशे रुपये घेतले तू माझे! पेरणीच्या बियाण्याचे पैसे असतात ते आमच्याकडे, हवेत सोडून दिले. त्याच्या दारात गाडी आता जाणार नाही.

सोमवारी बाबांचा डोळा दाखवायला परत सेवाग्रामला जायचं आहे. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलेला असेल, आणि गाडी बोनेट उघडी टाकून अंगणात उभी आहे.