आईचे दूध आणि फौजदारी कलम

काल कट्ट्यावर वाद पेटला तो आमच्या वकील मित्राच्या एका वाक्यावरून. "एचआयव्ही आहे हे ठाऊक असूनही जी आई बाळाला अंगावर पाजते, तिच्यावर खटला भरता येईल असे कायदे अमेरिकेतल्या राज्यांनी केले, तर त्यात चुकले काय?"

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात तिथे, समुपदेशक असलेल्या ताईंनी त्याला 'ठाऊक असूनही' या शब्दांवरच पकडले. तपासणीच करून घेतली नाही, तर ठाऊक असण्याचा प्रश्न येत नाही. म्हणजे कायद्याच्या कचाट्यात सापडते ती दवाखान्याची पायरी चढलेली बाई, आणि औषधे घेत असते तीही बहुधा तीच. गरोदरपणापासून दिलेल्या एझेडटी या एचआयव्हीविरोधी औषधाने बाळाला होणारी लागण सुमारे 25 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर येते, हे 1994 मध्येच दिसले होते; आज उपचार वेळेवर सुरू होऊन नियमित राहिले, तर ती 1 टक्क्याच्याही खाली राहते.

"पण दुधाचे काय?" वकील हटेना. पुरावा त्याच्याही बाजूने होता. अमेरिकेत एचआयव्ही रुग्णांच्या उपचारांना पैसा पुरवणाऱ्या 1990 च्या रायन व्हाइट कायद्याने केंद्राच्या निधीसाठी राज्यांना जी फौजदारी तरतूद दाखवायला लावली, तिच्यात लागण ठाऊक असून केलेल्या रक्तदान आणि वीर्यदानाच्या जोडीने दूधदानही होते. ती अट 2000 मध्ये गेली, राज्यांचे कायदे मात्र मागे उरले. उलट जानेवारी 2023 मध्ये तिथल्याच आरोग्य खात्याच्या मार्गदर्शक सूचनांनी, स्तनपानाचा निर्णय आईने डॉक्टरांशी बोलून घ्यावा आणि त्यावरून बालसंरक्षण यंत्रणेला बोलावणे योग्य नाही, असे लिहिले.

या कायद्यांचा धाक काळ्या बायकांना अधिक, असे ताई म्हणाल्या. "यात काळ्या बायकांचे वेगळे काय?" असे विचारून मी माझे अज्ञान उघडे केले. ताईंनी सांगितले: अमेरिकेत एचआयव्हीचे नव्याने निदान होणाऱ्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या कृष्णवर्णीय असतात. शिवाय प्रसूतिगृहातून पोलीस ठाण्याकडे जाणारी वाट त्यांनी आधीच पाहिलेली आहे. दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्स्टनच्या सरकारी रुग्णालयात गरोदर बायकांची लघवी कोकेनसाठी तपासून पोलिसांना कळवले जाई. अटक झालेल्या 30 जणींपैकी 29 काळ्या होत्या, आणि संमतीवाचून केलेली अशी तपासणी घटनाबाह्य असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ठरवले. तिथे डॉक्टरपाशी मन मोकळे कोण करील?

वकील बराच वेळ गप्प होता. मग आफ्रिकेतल्या मलावी देशातला खटला त्यानेच सांगितला: दुसऱ्या बाईचे मूल अंगावर प्यायले म्हणून 2016 मध्ये 9 महिन्यांची सक्तमजुरी झालेली एचआयव्हीबाधित आई औषधे घेत होती, मुलाला लागण झाली नव्हती, आणि 2017 मध्ये झोम्बा येथील उच्च न्यायालयाने तिला निर्दोष ठरवले.

"त्या अपिलात मी असतो, तर तुमचाच मुद्दा मांडला असता," तो म्हणाला.

ताईंनी विचारले, "आणि खालच्या कोर्टात?"