सुपरफास्टचा आकार, पॅसेंजरची चाल

गाडी आसनगावला उभी. आटगावला उभी. खर्डीला परत उभी. शेजारच्या रुळावरून लोकल ऐटीत निघून जाते आणि मुंबईहून घरी परतणारे आम्ही नाशिकवाले पासधारक खिडकीतून तिचे दिवे मोजतो. पासावर मात्र सुपरफास्टचा जादा आकार इमानेइतबारे लावलेला! कसला सुपरफास्ट आणि कसलं काय.

आणि हे कोडं नाहीच मुळी. कल्याण ते कसारा सदुसष्ट किलोमीटर, रूळ दोनच. त्यातूनच लोकल, त्यातूनच मालगाड्या, त्यातूनच उत्तरेकडचे सगळे मेल. तिसऱ्या लाईनचं काम कधीपासून ‘प्रगतिपथावर’ आहे. गंमत म्हणजे पुढे घाटात तीन रूळ आहेत! जिथे डोंगर फोडायचा होता तिथे जमलं, सपाटीवर घोडं अडलं. हा कसाऱ्याचा थळ घाट १८६५ साली सुरू झाला, सदतीस फुटांत एक फूट चढ. पहारी आणि सुरुंगांच्या जोरावर झालेलं काम. आता यंत्रं आहेत, तर तारखा मिळतात.

कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे घाट चढायला ढकलणारं जादा इंजिन, लागतं. तो दणका बसला की पेंगणारा एखादा दचकून पिशवी उचलतो, “इगतपुरी आली का हो?” विचारतो. अख्खा डबा एका सुरात, “कसारा, काका, बसा.” बसतो बिचारा. घरी पोरं जेवून झोपलेली असतात.

बरं, गाड्या तरी किती आपल्या हक्काच्या? मनमाडहून मुंबईला सुटणारी राज्यराणी एक्सप्रेस २०२० मध्ये नांदेडला नेली. नांदेडकरांना गाडी मिळायलाच हवी, त्यांच्याशी भांडण नाही. पण लांबून येणारी गाडी नाशिकरोडला भरूनच येणार, हे कळायला काय ज्योतिषी लागतो? द्यायची तर नवी द्या ना, आमच्या ताटातली उचलून कशाला?

एवढं करून नाशिकरोडला उतरावं, तर नाशिक अजून आठ-नऊ किलोमीटर लांब. गोऱ्यांनी रूळ देवळालीकडून नेले, शहर राहिलं गोदाकाठी. पण त्या काळात निदान स्टेशन ते मेनरोड घोड्यांची ट्राम तरी होती. घोड्यांची! आम्हाला २०२१ च्या अर्थसंकल्पात टायरवरच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले. पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. नाशिकच्या द्वारका चौकात आज तिचा एक खांब दाखवा.

तोवर रात्री स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी हुज्जत. मीटर? तो शोभेचा. “पंचवटी का? परत येताना रिकामं यावं लागतं, साहेब,” आणि तोंडाला येईल तो आकडा. २०२७ चा सिंहस्थ येतोय, भाविकांसाठी जादा गाड्या सुटतील, फलाट चकाचक होतील. या बाबांनो, स्वागत आहे. फक्त रिक्षात पाय ठेवण्याआधी भाडं ठरवून घ्या.