खुलासा : हॅमस्टरच्या चिकटलेल्या डोळ्यात गुलाबपाणी घालू नका

‘हॅमस्टरचा डोळा चिकटला तर गुलाबपाणी किंवा घरातले आय ड्रॉप्स घाला, दोन दिवसांत बरा होतो,’ असा सल्ला सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. कृपया तो पाळू नका. माणसांच्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं. डोळ्यावर बारीकसा ओरखडा असेल तर त्याने जखम चिघळते आणि डोळा जाऊ शकतो.

म्हाताऱ्या हॅमस्टरचे डोळे झोपेत चिकटणं तसं नेहमीचं. माझ्या ‘पिल्लू’ नावाच्या हॅमस्टरचा डावा डोळा कधीमधी सकाळी पिवळट खपलीने बंद असायचा. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून मिनिटभर नुसता टेकवायचा, खपली मऊ झाली की हलकेच पुसायची. पापणी ओढायची नाही. दुसऱ्या डोळ्याला नवा कापूस.

पण पू, लाली, सूज दिसली किंवा डोळा पुन्हापुन्हा चिकटला, तर डॉक्टरच हवेत. कारण कधी पिंजऱ्यात अंथरलेला धुळकट भुसा असतो, कधी दाताच्या मुळाशी झालेला गळू. डोळा खोबणीतून बाहेर आलाच तर आत ढकलू नका. सलाइनने ओला ठेवून तडक दवाखाना गाठा, तिथे तासांचा प्रश्न असतो.